माहिती विकून कमाई: पहिलं डिजिटल उत्पादन कसं बनवायचं आणि कसं विकायचं

इंटरनेटवर सगळं फुकट मिळतं, मग माहिती विकत कोण घेणार? नवख्या माणसाचा हा पहिला प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. सातबारा कसा वाचायचा, भाडेकरारात काय असावं, दहावीनंतर डिप्लोमाचे प्रवेश कसे होतात, सगळं यूट्यूबवर आहे. तरीही लोक दोनशे-चारशे रुपये मोजून पीडीएफ, एक्सेल शीट, रेकॉर्ड केलेले वर्ग घेतात. त्यांच्या हातात एक अडलेलं काम असतं आणि ते आज रात्री संपवायचं असतं. दहा व्हिडिओ बघून त्यातलं खरं-खोटं निवडत बसायला त्यांना वेळ नसतो. तुमचं उत्पादन ते काम संपवून देत असेल तर विकलं जातं. पुढचं सगळं या एका कसोटीवर घासून बघायचं.

आधी माणूस ठरवा

बहुतेक जण विषयापासून सुरुवात करतात. ‘आरोग्य’, ‘वेळेचं नियोजन’, ‘पालकत्व’ असे मोठे विषय घेतात, दोनशे पानं लिहितात आणि मग गिऱ्हाईक शोधायला निघतात. उलट करा. ज्याची अडचण तुम्हाला जवळून माहीत आहे असा एक माणूस डोळ्यांसमोर आणा. तो कोणत्या दिवशी, कोणत्या कागदापुढे अडून बसतो ते शोधा.

एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. समजा तुम्ही काही वर्षं आपल्या सोसायटीचे खजिनदार होता. महाराष्ट्रात नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्था लाखाहून जास्त आहेत. कमिट्या बदलतात आणि दर वेळी कुणीतरी नवा सचिव किंवा खजिनदार होतो. त्याला हिशेबाचं शिक्षण नसतं, पगार नसतो, जुना सचिव दप्तर देताना दोन फायली हातात ठेवतो आणि मोकळा होतो. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं, लेखापरीक्षण 31 जुलैपर्यंत आणि वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी. सभेची नोटीस आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठी ठरवून दिलेले नमुना नियम) 14 पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात हा माणूस नोटीस कशी लिहायची, विषयपत्रिकेत काय घ्यायचं हे फोनवर चारचौघांना विचारत असतो.

हे तुमचं गिऱ्हाईक. त्याला ‘सहकार कायद्याची ओळख’ नको आहे. त्याला भरून वापरता येईल अशी नोटीस, विषयपत्रिका, इतिवृत्ताचा नमुना आणि मेंटेनन्सचं बिल काढणारी एक्सेल शीट हवी आहे. गरजेचा हंगाम कळला की तुमची तारीखही ठरते: माल जूनअखेर तयार हवा. दिवाळीत हेच विकायला काढलं तर कुणी विचारणार नाही.

तुमचा विषय वेगळा असेल. द्राक्षबागेत खरड छाटणी ते गोडी छाटणी या काळातली नोंदवही असेल, घरगुती डबे देणाऱ्यांसाठी दर काढायची शीट असेल, अमेरिकेत वाढणाऱ्या मुलांसाठी मराठी बाराखडीची सरावपानं असतील. प्रश्न तेच राहतात: कोण अडतं, कुठे अडतं, वर्षातून कधी अडतं.

बनवण्याआधी पाच जणांकडून पैसे घ्या

‘कल्पना छान आहे’ असं सगळेच म्हणतात. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही, त्यामुळे मित्र-नातेवाईक आणि फेसबुकवरच्या लाइक यांवरून काहीच ठरवू नका. खरं उत्तर पैशातून मिळतं.

एक पान तयार करा. त्यावर उत्पादनाचं नाव, त्यात काय-काय मिळेल याची यादी, कोणत्या तारखेला मिळेल आणि किंमत एवढंच लिहा. ओळखीतल्या दहा-पंधरा सचिवांना ते पाठवा आणि सरळ सांगा, ‘काका, हे 15 जूनला देतोय. आत्ता घेतलंत तर निम्म्या किमतीत. तारखेला दिलं नाही तर पैसे परत.’ पाच जणांनी यूपीआय केलं तर कामाला लागा. कुणीच केलं नाही तर आठवडाभर त्यांच्याशी बोला. त्यांची अडचण बहुतेक वेळा तुम्ही धरलेल्या मुद्द्याच्या शेजारीच सापडते. नोटीस त्यांना जमत असेल, खरी डोकेदुखी थकबाकीदाराला पत्र कसं लिहायचं ही असेल.

या पहिल्या गिऱ्हाइकांचे फोन जपून घ्या. ते कोणत्या शब्दांत अडचण सांगतात ते तसंच्या तसं वहीत उतरवा. विक्रीच्या पानावर नंतर हेच शब्द लागतात. तुम्ही ‘वित्तीय व्यवस्थापन’ लिहाल, ते म्हणतील ‘पावत्या आणि बँकेचा बॅलन्स जुळत नाही’. दुसरं वाक्य विकतं.

माल बनवताना

सचिवाच्या किटमध्ये तीन गोष्टी पुरेत: वर्डमधले नमुने, एक्सेल शीट आणि ती कशी वापरायची हे सांगणारी वीस-पंचवीस पानांची पीडीएफ. पानं वाढवून किंमत वाढत नाही.

किटचा जीव एक्सेल शीटमध्ये आहे, म्हणून जास्त वेळ तिथे घालवा. आदर्श उपविधींप्रमाणे सेवा शुल्क सगळ्या सदनिकांना सारखं येतं, पाणीपट्टी नळांच्या संख्येवर, दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) किमान 0.25 टक्के. सदनिका भाड्याने दिली असेल तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत. नवा खजिनदार नेमका इथे गोंधळतो. तो सगळी रक्कम चौरस फुटांवर वाटतो आणि मोठ्या सदनिकेवाले भांडायला येतात. तुमच्या शीटमध्ये पहिल्या पानावर हे दर एकदाच भरायचे, दुसऱ्या पानावर सदनिकांची यादी, नळ, मालक राहतो की भाडेकरू एवढंच भरायचं आणि तिसऱ्या पानावर बिलं आपोआप यायला हवीत. जिथे आकडा भरायचा ती घरं पिवळी करा, सूत्रं असलेली घरं कुलूपबंद करा. कारण कुणीतरी सूत्रावर आकडा टाइप करतोच, आणि मग ‘तुमची शीट चालत नाही’ असा फोन येतो.

गूगल शीटमध्ये देणार असाल तर एक उपयोगाची गोष्ट: लिंकच्या शेवटी जिथे ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द असतो तिथपासून पुढचं खोडून ‘कॉपी’ हा इंग्रजी शब्द टाकला, की लिंक उघडणाऱ्याला स्वतःची प्रत करून घ्यायला सांगितलं जातं. तुमची मूळ शीट शाबूत राहते.

आता पीडीएफ. मराठी वाचक ती फोनवर उघडणार, तीही व्हॉट्सॲपमधून. ए-फोर आकाराचं पान फोनवर मुंगीएवढं दिसतं. पान ए-फाइव्ह किंवा त्याहून अरुंद घ्या, अक्षर किमान 14 पॉइंटचं ठेवा, दोन रकाने करू नका. फॉन्ट युनिकोडच हवा. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर छापायला ठीक, पण त्या पीडीएफमध्ये ‘थकबाकी’ शोधलं तर सापडत नाही आणि कॉपी केलं तर भलतीच चिन्हं उमटतात. ‘मुक्त’, ‘बालू’, ‘नोटो सान्स देवनागरी’ हे खुल्या परवान्याचे फॉन्ट आहेत, व्यापारी कामाला चालतात. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हवा असेल तर टिरो देवनागरी मराठी बघा. फाइल बाहेर काढल्यावर ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘कर्मचाऱ्यांना’ हे शब्द शोधून डोळ्यांनी तपासा. काही सॉफ्टवेअरमध्ये हा अर्धा र तुटतो आणि सगळं पुस्तक अडाणी वाटायला लागतं. शेवटी स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर उघडून बघा. लॅपटॉपवर सगळंच सुंदर दिसतं.

एआयकडून मजकूर लिहून घ्यायचा मोह होईल. मसुदा सुधारायला, शीटमधलं सूत्र शोधायला जरूर वापरा. पण कायद्याचं कलम, मुदत, टक्केवारी यातला प्रत्येक आकडा मूळ कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय विकू नका. एआय चुकीचं कलम ठाम आवाजात सांगतं. त्या कलमावर विसंबून नोटीस काढणारा माणूस सभेत सगळ्यांसमोर तोंडावर पडतो, आणि त्याने त्यासाठी तुम्हाला पैसे दिलेले असतात.

दुसऱ्याचं काही उचलू नका

भारतात प्रताधिकार कायदा 1957चा आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर पुढची 60 वर्षं त्याच्या लेखनावर हक्क असतो. बाजारातल्या पुस्तकातले नमुने स्कॅन करून विकता येत नाहीत. गूगलवर सापडलेला फोटो ‘फुकट’ नसतो. कॅनव्हातलं तयार चित्रही जसंच्या तसं विकायला परवानगी नाही. कायद्याचा मजकूर तुमच्या स्वतःच्या विवेचनासह देता येतो. पण नुसता कायदा पीडीएफ करून विकण्यात अर्थच नाही, तो सरकारी संकेतस्थळावर पडलेला आहे.

पहिल्या पानावर दोन ओळी स्पष्ट लिहा: ही माहिती कोणत्या तारखेपर्यंतची आहे, आणि वाद न्यायालयात किंवा उपनिबंधकांकडे गेला असेल तर वकिलाचा सल्ला घ्यावा. काही विषयांत तर परवान्याशिवाय पाय ठेवू नका. शेअरच्या टिप पैसे घेऊन देणाऱ्याला सेबीची नोंदणी लागते, त्याला ‘ई-बुक’ म्हटलं तरी. औषधं आणि उपचारांचंही तसंच समजा.

किंमत, पैसे आणि कर

नवखे लोक 49 रुपयांपासून सुरू करतात. माझ्या मते ती चूक आहे. 49 रुपयांचं गिऱ्हाईकही शंका विचारायला फोन करतं, त्यालाही तेवढाच वेळ द्यावा लागतो. शिवाय एवढ्या स्वस्त गोष्टीवर सचिव विश्वास टाकत नाही. किट त्याचे दोन रविवार वाचवत असेल तर 399 रुपये सोसायटीच्या किरकोळ खर्चात सहज बसतात. पावती मात्र द्या, त्याला ती हिशेबाला लावायची असते.

पहिली वीस-तीस विक्री साध्या यूपीआय क्यूआरवर करा. पैसे आले की फाइल पाठवा. रोज चार-पाच ऑर्डर येऊ लागल्या की हाताने पाठवणं जिकिरीचं होतं. मग रेझरपे, कॅशफ्री यांच्यासारखं पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन तुमच्या खात्यात जमा करणारी सेवा घ्या. पॅन, बँक खातं, पत्ता एवढ्यावर एकट्या माणसालाही खातं मिळू शकतं. मात्र तुमच्या पानावर संपर्क, अटी, गोपनीयता आणि परताव्याचं धोरण लिहिलेलं लागतं. दर कंपनीप्रमाणे बदलतात, म्हणून खातं उघडण्याआधी डिजिटल मालासाठीचा दर वेगळा आहे का ते विचारून घ्या. 2 टक्के शुल्क आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरला तर 399 रुपयांतून सुमारे 9 रुपये 42 पैसे जातात आणि 389 रुपये 58 पैसे हातात येतात. शंभर किट विकली तर 38,958 रुपये. जाहिराती, वेळ आणि दुरुस्त्या यांचा खर्च यातूनच निघायचा आहे. महिन्याला लाख मिळवून देण्याची भाषा करणाऱ्यांपुढे हा आकडा ठेवून बघा.

जीएसटीची भीती अनेकांना पहिल्याच पायरीवर थांबवते. महाराष्ट्र आणि गोव्यात सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाख रुपयांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या राज्यातलं असलं तरी सेवांना ही सवलत आहे. 399 रुपयांच्या किटने 20 लाख गाठायला पाच हजारांवर प्रती विकाव्या लागतील. उलाढालीत तुमचा दुसरा व्यवसायही मोजला जातो हे मात्र विसरू नका. आयकर वेगळा: हे उत्पन्न पहिल्या रुपयापासून विवरणपत्रात दाखवायचं. यासाठी वेगळं बचत खातं ठेवलं की मार्चमध्ये शोधाशोध होत नाही. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करायची असेल तर सरकारी संकेतस्थळावर ती फुकट होते. पैसे मागणारी हुबेहूब दिसणारी संकेतस्थळं बरीच आहेत, त्यांच्यापासून दूर राहा.

परदेशातल्या मराठी गिऱ्हाइकासाठी गेटवेकडून आंतरराष्ट्रीय कार्ड सुरू करून घ्यावं लागतं. पेपालने 2021मध्ये भारतातले देशांतर्गत व्यवहार बंद केले, परदेशातून पैसे घ्यायला ते अजून चालतं. डॉलरमध्ये आलेल्या पैशांची बँकेची कागदपत्रं सांभाळून ठेवा.

ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी पुस्तक स्वतः टाकता येतं आणि कथा-कादंबरीला ते चांगलं आहे. पण तिथे एक्सेल शीट देता येत नाही आणि गिऱ्हाइकाचा नंबरही तुम्हाला मिळत नाही. भारतातल्या विक्रीवर 70 टक्के मानधन हवं असेल तर केडीपी सिलेक्ट या ॲमेझॉनच्याच योजनेत जावं लागतं, म्हणजे 90 दिवसांच्या मुदतीत तेच ई-पुस्तक दुसरीकडे डिजिटल स्वरूपात विकता येत नाही. अन्यथा 35 टक्के. अशा किटसाठी मी ती वाट घेणार नाही.

फाइल पोचवणं आणि चोरी

सगळ्यांना एकच गूगल ड्राइव्हची उघडी लिंक देऊ नका, ती दुसऱ्या दिवशी तीन ग्रुपवर फिरते. प्रत्येकाच्या पीडीएफच्या तळाला घेणाऱ्याचं किंवा त्याच्या सोसायटीचं नाव छापा. स्वतःचं नाव असलेली फाइल माणूस सहसा पुढे ढकलत नाही. तरी थोडी गळती होणारच. त्यापायी पासवर्ड, विशेष ॲप असले अडथळे घातले तर पैसे भरलेल्या साठीतल्या काकांनाच फाइल उघडत नाही. नोंदणीकृत गिऱ्हाइकाला वर्षभर सुधारित प्रती फुकट देणं, हा माझ्या मते चोरीवरचा सर्वांत चांगला उपाय आहे. चोरलेली फाइल जुनी होते.

विक्री

सुरुवातीला जाहिरातीवर पैसे घालू नका. किटमधला एक नमुना, समजा सभेची नोटीस, फुकट द्या. खाली लिहा: बाकीचे नमुने आणि बिलाची शीट इथे मिळेल. तो नमुना सचिवांच्या, सोसायट्यांचा हिशेब ठेवणाऱ्या अकाउंटंटच्या आणि मॅनेजरच्या हाती पडू द्या. एक अकाउंटंट पंधरा-वीस सोसायट्या सांभाळत असू शकतो. त्याला शीट आवडली तर तुम्हाला महिनाभर जाहिरात करावी लागणार नाही. त्याच्यासाठी वेगळी, अनेक सोसायट्यांत वापरायची परवानगी जास्त किमतीला ठेवा.

व्हॉट्सॲप बिझनेस घ्या. त्यात ठरलेली उत्तरं साठवता येतात आणि गिऱ्हाइकांना लेबल लावता येतं. ब्रॉडकास्ट यादीचा संदेश फक्त तुमचा नंबर साठवलेल्यालाच पोचतो, म्हणून फाइल पाठवतानाच ‘सुधारित प्रत मिळण्यासाठी हा नंबर सेव्ह करा’ असं सांगा. कुणाचाही नंबर न विचारता ग्रुपमध्ये टाकू नका.

विक्रीच्या पानावर काय नाही तेही लिहा: यात वकिली सल्ला नाही, उपकर इमारतींचे नियम नाहीत, पुनर्विकास नाही. चुकीचं गिऱ्हाईक आधीच बाजूला होतं आणि परताव्याची कटकट टळते. 2020च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वर्णनाशी न जुळणारा माल असेल तर परतावा नाकारता येत नाही. मी म्हणेन, सात दिवसांत कारण न विचारता पैसे परत द्या आणि तसं ठळक छापा. अनोळखी माणसाकडून पहिल्यांदा घेणाऱ्याला त्यानेच धीर येतो. अभिप्राय टाकाल तर खरेच टाका आणि विचारून टाका.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. ‘आमचा कोर्स घ्या आणि तोच पुढे विकून कमवा’ अशा योजनांमध्ये खेड्यापाड्यांतली पोरं फी भरून अडकताहेत. त्यात वस्तू नावापुरती असते, पैसा पुढच्या माणसाच्या फीमधून येतो. 1978च्या कायद्याने अशा पैशांच्या साखळीवर बंदी घातलेली आहे आणि 2021च्या थेट विक्री नियमांनीही पिरॅमिड योजनांना मनाई केली आहे. तुमच्या गावातल्या कुणी विचारलं तर एवढंच विचारायला सांगा: हा कोर्स पुढे विकायचा नसेल तर तो कुणी कशासाठी घेईल?

विक्रीनंतर

पहिल्या हंगामात आलेला प्रत्येक प्रश्न तारखेसह लिहून ठेवा. तीन जणांनी एकच गोष्ट विचारली तर ती पुस्तिकेत नीट उतरलेली नाही, तेवढं पान पुन्हा लिहा. ‘शीट मोबाइलवर उघडत नाही’ हा प्रश्न हमखास येईल, त्यासाठी दोन मिनिटांचा स्क्रीन रेकॉर्डिंगचा व्हिडिओ करून ठरलेल्या उत्तरात ठेवा.

नियम बदलला की फाइलच्या नावात महिना आणि वर्ष घालून नवी प्रत काढा. पहिल्याच पानावर ‘मागच्या प्रतीपासून काय बदललं’ याची पान क्रमांकांसह यादी द्या, म्हणजे जुन्या सचिवाला सगळं परत वाचावं लागत नाही. दरवर्षी मे महिन्यात ही प्रत जुन्या गिऱ्हाइकांना आधी पाठवा आणि सोबत विचारा, यंदा कमिटी बदलली आहे का, नव्या सचिवाचा नंबर द्याल का.